डेसिबलभाऊ

लग्नात हा तुम्हाला स्टेजपाशी दिसणार नाही, पंगतीतही नाही. मंडपाच्या बरोबर मध्यभागी, बायकांच्या खुर्च्यांमधून वाट काढत तो येतो आणि डोळे मिटून उभा राहतो. मंगलाष्टकं चालू असतात, अक्षता पडत असतात. नवरीच्या आत्याला वाटतं, काय पोरगं आहे, डोळे मिटून देवाचं नाव घेतंय! ती शेजारणीला विचारते, "कोनाचं वं हे पोरगं? लय संस्कारी दिसते." तेवढ्यात संस्कारी पोरगं डोळे उघडतं, भटजींकडे रागानं बघतं आणि पुटपुटतं, "अडीचशे हर्ट्झला सगळी घाण जमलीय."

हे आमचे डेसिबलभाऊ. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे. गावात कोणी वापरत नाही. रिसोड तालुक्यातलं गाव, घरी सोयाबीनची शेती आणि वडिलांचं बिछायत केंद्र. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो, बिछायत केंद्र म्हणजे गाद्या, लोड, सतरंज्या, खुर्च्या, मंडप, भांडी आणि माईक-भोंगा एकाच दुकानात भाड्यानं मिळण्याची सोय. बारशापासून तेरवीपर्यंत माणसाचं काहीही निघालं तरी गिऱ्हाईक इथंच येतं. असा एखादा डेसिबल आता तुम्हाला कारंज्याला भेटेल, मंगरूळपीरला भेटेल, वाशिमच्या पाटणी चौकात चहा पिताना टपरीवरचा रेडिओ फुटतोय म्हणून टपरीवाल्याशी भांडताना भेटेल. म्हणून हे एकाचं वर्णन आहे असं कोणी समजू नये, आणि अंगाला लावूनही घेऊ नये.

आमच्याकडे संगीत शिकायचे रस्ते दोनच. पेटीचा नाहीतर तबल्याचा क्लास लावायचा, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षा देत जायचं आणि दहावीचं वर्ष आलं की सोडून द्यायचं. नाहीतर अमरावती विद्यापीठाच्या बी.ए.ला संगीत विषय घ्यायचा आणि पुढं बी.एड. करायचं. डेसिबलनं तिसराच रस्ता काढला. पुण्याच्या एका संस्थेत तीन वर्षांचा कोर्स: म्युझिक प्रॉडक्शन, लाइव्ह साऊंड आणि म्युझिक बिझनेस. प्रवेशाच्या आदल्या रात्री वडिलांनी रीतसर चौकशी केली.

"गाणं शिकवतात काय थ्या कालेजात?"

"नाही, बाबा."

"वाजवाचं?"

"नाही."

"मंग शिकवतात तरी काय?"

"ऐकायला."

वडील बराच वेळ छताकडे बघत राहिले. "तीन वर्सं?" ते म्हणाले. "आमाले तं फुकटच येते."

तरी त्यांनी पाठवलं. तीन हंगामांचं सोयाबीन फीमध्ये गेलं. पोरगा परत आल्यावर त्यांनी पाहुण्यारावळ्यांत सांगायला सुरुवात केली, "पोरगं इंजिनिअर झालं." आधीचा 'साऊंड' ते गिळत. स्थळं येऊ लागली. मुलीचे मामा विचारत, "सिव्हिल का मेकॅनिकल?" शेवटी सांगावंच लागे. "साऊंड? म्हंजे इलेक्ट्रिकमधीच नं? मंग एमएसईबीत लागन." मग डेसिबल मोबाईल काढून रसूल पूकुट्टी यांचा फोटो दाखवी. हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनी शिकले, 2009 मध्ये 'स्लमडॉग मिलेनियर'साठी ऑस्कर घेतलं, आमची लाइन हीच. मामा फोटो नीट निरखत आणि विचारत, "यायचं गाणं कोन्तं?"

या प्रश्नाला उत्तर नाही. माणसाचं अख्खं कामच असं, की ते नीट झालं तर कोणाच्या लक्षात येत नाही आणि बिघडलं की हजार माणसं एकदम मागं वळून त्याच्याकडे बघतात.

म्युझिक प्रॉडक्शनसाठी त्याला स्टुडिओ हवा होता. घरामागं खत ठेवायची खोली होती. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवले की आवाज घुमत नाही असं यूट्यूबवर बघून त्याच्या मित्रांनी पोल्ट्रीवाल्याकडून ट्रेचे गठ्ठे आणले, तर यानं त्यांना दारातूनच परत पाठवलं. ट्रेचा पुठ्ठा पातळ; तो वरचा थोडा चरचराट मऊ करतो, बाकी आवाज आरपार जातो. आवाज खायला जाडी लागते, आणि जाडी तर घरातच होती. वडिलांच्या गोदामात कापसाच्या गाद्यांची थप्पी लागलेली. त्यानं त्या चारी भिंतींना उभ्या केल्या, कोपऱ्यांत लोड रचले, दाराला दोन रजया टांगल्या. टाळी वाजवली तर टाळी हाताबाहेर जाईना. असला स्टुडिओ मुंबईत बांधायचा तर कर्ज काढावं लागतं.

अडचण एकच होती. लग्नसराई आली की स्टुडिओ भाड्यानं जाई. रेकॉर्डिंग ऐन रंगात असताना दारात टेम्पो उभा राही, दोन गडी आत येत, "भाऊ, चाळीस गाद्या नवरदेवाच्या जानोशाले," आणि गायकाच्या पाठीमागची भिंत उचलून नेत. एका बंजारा लेंगीच्या गाण्यात पहिलं कडवं गादीतलं आहे आणि दुसरं बिनगादीचं. जाणकारानं ऐकलं तर गवयाला कोणीतरी मध्येच विहिरीत उतरवल्याचा भास होतो. डेसिबल सांगतो, हा आर्टिस्टिक निर्णय होता. गाद्या परत आल्या की त्यांवर हळदीचे डाग असत, आणि स्टुडिओला तुपाचा वास येई.

गवयांची वेगळीच तऱ्हा. आमच्या भागात माईक म्हणजे इको. 'हॅलो' म्हटल्यावर तीनदा 'लो लो लो' आलं नाही तर माईक बंद आहे असं समजतात. भजनी मंडळाचे बुवा पहिल्यांदा हेडफोन लावून बसले आणि स्वतःचा कोरडा, आहे तसा आवाज ऐकून हादरले. "हा कोन गाऊन रायला?"

"तुम्हीच आहात, बुवा. आवाज ड्राय ठेवलाय. आधी ड्राय घ्यायचा, मग लागेल तेवढा रिव्हर्ब."

"थो घाल बापा आधी. असं उघडंबोडकं नोको ठेवू मले."

माझं मत विचाराल तर बुवांचंच बरोबर होतं. पन्नास वर्षं ज्यानं देवळाच्या दगडी गाभाऱ्यासमोर गायलं, त्याच्या आवाजात तो गाभारा धरावाच लागतो. पण डेसिबलला हे सांगायची सोय नाही. तो वहीत ग्राफ काढून दाखवतो.

लाइव्ह साऊंडमध्ये त्याचा जीव अधिक रमतो आणि लोकांचा अधिक जातो. उन्हाळ्यातलं लग्न, दुपारचे बारा, पारा बेचाळीसवर. लांबलचक मंडपाच्या मागच्या टोकाला त्यानं जादा स्पीकर लावलेले असतात. पुढच्या स्पीकरचा आवाज मागं पोचायला वेळ लागतो, म्हणून मागच्यांना तेवढाच उशीर द्यायचा, नाहीतर शब्द दोनदा ऐकू येतात. इथपर्यंत कुणालाही पटेल. पण हवा तापली की आवाज जोरात पळतो: शून्य अंशाला सेकंदाला साधारण 331 मीटर, आणि पुढं दर अंशाला जवळपास 0.6 मीटरची भर. म्हणजे संध्याकाळी पंचवीस अंशांवर पस्तीस मीटरला 101 मिलिसेकंद लागत असतील, तर भरदुपारी 98. हा पठ्ठ्या बुंदीचं ताट खुर्चीवर ठेवून, घाम पुसत, लॅपटॉपवर ते तीन मिलिसेकंद कमी करतो. पाच-सातशे माणसं वऱ्हाडी ठेच्यानं हाशहुश करत असतात. तीन मिलिसेकंद वाचल्याचं कोणाला कळत नाही. त्याला मात्र कळतं, आणि त्यानंतर तो गार झालेली बुंदी समाधानानं खातो.

त्याचा खरा शत्रू म्हणजे माईक हातात घेणारा माणूस. पुढारी आधी माईकवर दोन टिचक्या मारतात, मग आत फुंकर घालतात. प्रत्येक फुंकरीला डेसिबल छातीवर हात ठेवतो. पातळ पडद्यावर चालणारं यंत्र ते, त्यात फुंकायचं नसतं. पण हे आमदारांना कोण सांगणार? काही जण माईकची जाळीच मुठीत गच्च धरतात, मग कुई होते, मग ते म्हणतात, "साऊंडवाले, जरा लक्ष द्या." त्यानं एकदा सूत्रसंचालकांना बाजूला घेऊन माईक धरायचं रीतसर प्रशिक्षण दिलं: तोंडापासून चार बोटं, दांड्याला धरायचं, जाळीला नाही. सूत्रसंचालकांनी नम्रपणे ऐकलं आणि स्टेजवर जाऊन जाहीर केलं, "एम.एच. सदतीस, पांढरी बोलेरो, गाडी बाजूला घ्या," जाळीला गच्च धरून.

घरी त्याची आई म्हणते, "अख्ख्या मांडवातली कुई याले आयकू येते, मी हाक मारली का नाई येत." तिनं 'मोटर सुरू कर, फेज आली' म्हणून सांगितलं की हा स्पीकरची फेज तपासायला धावतो. शेताची वीज रात्री येते, ती तशीच परत जाते, आणि हरभरा कोरडाच राहतो.

तिसरा विषय म्युझिक बिझनेस. यात त्याला सगळ्यात जास्त गुण होते. परत आल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते टेक्निकल रायडर छापण्याचं. मोठे कलाकार कार्यक्रमाआधी आयोजकाला आपल्या गरजांची यादी पाठवतात, तशी यानं वधूपित्याला पाठवली. जनरेटर स्वतंत्र हवा, अर्थिंग तपासलेलं हवं, स्टेजपासून अमुक अंतरावर मिक्सरसाठी सावलीतली जागा, दोन टेबलं, पिण्याचं थंड पाणी, कामगारांचं जेवण पहिल्या पंगतीत. खाली सही, शिक्का. वधूपित्यानं कागद दोनदा वाचला आणि मध्यस्थाला बोलावून घेतलं. "पावन्याईनं तं काईच मांगलं नाई म्हने," तो म्हणाला, "मंग हे यादी कोनाची?" दोन दिवस सोयरीक मोडायच्या बेतात होती.

दुसऱ्या एका लग्नात त्यानं वरपित्याला भलत्याच भीतीत घातलं. सिनेमाची गाणी जाहीर वाजवायची तर परवाना लागतो, रॉयल्टी भरावी लागते, असं यानं अर्धवट सांगितलं, आणि वरपित्यानं घाबरून अख्खी वरात बिनगाण्याची, नुसत्या डफड्यावर काढली. उरलेलं अर्धं यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 52व्या कलमात लग्न, वरात आणि लग्नाशी जोडलेल्या सोहळ्यांना सूट आहे, आणि केंद्र सरकारनं जुलै 2023 मध्ये जाहीर सूचना काढून ते पुन्हा स्पष्ट केलं आहे. वरपिता काही बोलला नाही. डफडेवाल्यांनी मात्र त्या वर्षी डेसिबलला दिवाळीचा फराळ पाठवला.

पण कहर झाला तो भजनी मंडळाच्या अल्बमचा. यानं वाटणीपत्रक आणलं. गाणं ऑनलाइन टाकायचं, प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो, पैसे आले तर कोणाचे किती हे आधीच लिहून ठेवायचं. हेतू चांगला होता. आमच्याकडच्या किती शाहिरांनी गाणी लिहिली, कॅसेटी राज्यभर वाजल्या आणि हाती शाल-नारळ पडलं. कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला, तो जावेद अख्तर यांच्यासारख्यांनी लावून धरला म्हणून. हे सगळं त्यानं ओट्यावर बसून तळमळीनं सांगितलं. मग आकडे वाचले: बुवा चाळीस टक्के, पेटी वीस, मृदंग वीस, टाळकरी मिळून वीस.

"आमी अकरा जन," टाळकऱ्यांचे पुढारी उठले, "आन वीस टक्के?"

तेवढ्यात पेटीवाल्यांना वेगळीच शंका आली. "आन लिवनाऱ्याचे किती?"

डेसिबल म्हणाला, "अभंग तुकाराम महाराजांचे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. त्यामुळं शून्य."

ओट्यावर शांतता पसरली. "महाराजाईले शून्य?" बुवांचा आवाज चढला. "आन तुले स्टुडिओचे पाच हजार?"

वाटणीपत्रक तिथंच संपलं. तुकोबांचा वाटा देवस्थानाला द्यावा, असा ठराव होऊन अल्बम निघाला. अजून पैसे आलेले नाहीत, त्यामुळं देवस्थानाची तक्रारही आलेली नाही.

आता त्याच्या वडिलांच्या भोंग्याबद्दल सांगायला हवं. वडिलांकडे अहुजाचा जुना ॲम्प्लिफायर आणि दोन भोंगे. सप्ताह असला की ते स्वतः निंबाच्या झाडावर चढत, एक भोंगा तांड्याकडे, एक शिवाराकडे तोंड करून दोरीनं आवळत. डेसिबलला हे भोंगे बघवत नसत. खाली बेस नाही, वर चमक नाही, नुसतं मधलं किंचाळणं. शिवाय कायदा. 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम त्याला पाठ: रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. काकडआरती पाचला सुरू होते, म्हणजे पहिला तास नियमाबाहेर. नाव पडलं ते यावरूनच. तो मोबाईलवरचं मीटर लावून देवळात फिरायचा आणि पुजाऱ्याच्या घंटेसमोर धरायचा.

एका वर्षी त्यानं सप्ताहाचा साऊंड स्वतःच्या हाती घेतला. भोंगे गोदामात गेले. मंडपात उभ्या ओळीचे नवे स्पीकर टांगले, कीर्तनकार महाराजांना कॉलर माईक, पखवाजाच्या दोन्ही तोंडांना वेगळे माईक. आवाज खरोखर सुंदर होता. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो, महाराजांनी ओठ मिटले तरी कळत होतं. टाळांच्या गदारोळातून वीणेची तार पहिल्यांदा वेगळी ऐकू आली. महाराजांनी कीर्तनात त्याचं नाव घेऊन आशीर्वाद दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारी काठी टेकत देवळात आली. गुडघ्यांमुळं वर्षभर घराबाहेर न पडलेली. "सप्ता काहून बंद पाडला बापा?" तिनं विचारलं. "कोनी वारलं काय?"

दुपारपर्यंत आणखी निरोप आले. शिवारात हरभरा सोंगणाऱ्या बायांनी विचारलं, तांड्यावरून विचारलं. मंडपाच्या कनातीबाहेर सप्ताह पोचलाच नव्हता. डेसिबलनं ते ठरवूनच केलं होतं. आवाज जिथं हवा तिथंच ठेवायचा, हेच तर तीन वर्षं शिकला होता. संध्याकाळी वडिलांनी न विचारता भोंगे बाहेर काढले. बापलेकांत निंबाखाली बाचाबाची झाली.

"मांडवात बसलेल्याले तं दिसतेच रे," वडील वरून म्हणाले, दोरीचं टोक दातात धरून. "जो येऊ नाई शकला, थ्याच्यासाठी असते भोंगा."

डेसिबल मीटर घेऊन शिवारात गेला. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबल उतरतो, हे त्याला माहीत होतं. पण बांधावर उभं राहिल्यावर त्याच्या लक्षात आलं, की माणसाचे शब्द कळतात ते साधारण एक ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि भोंगा नेमका तेवढाच पट्टा फेकतो. बेस नसला तरी अर्ध्या किलोमीटरवर ओवीचा शब्द न् शब्द लागत होता. वडिलांनी निंबावरचा कोन पंचवीस वर्षं अंदाजानं लावला होता. यानं मोजला तर सुधारायला काही नव्हतं. तो परत येऊन म्हणाला, "बाबा, याला वेगळं आउटपुट देतो. डिले झोन म्हणतात."

"काई म्हन," वडील म्हणाले, "पन खाली शिडी धर."

तेव्हापासून भोंगे सकाळी सहानंतरच सुरू होतात आणि रात्री दहाच्या ठोक्याला बंद. मंडपातलं कीर्तन पुढं हलक्या आवाजात चालतं. परीक्षेची पोरं झोपतात, पोलीस पाटील खूश असतात, आणि काकडा कानात सांगितल्यासारखा होतो.

डीजेवाल्यांशी मात्र त्याचा समेट होत नाही. आयशरवर स्पीकरची भिंत रचणाऱ्यांना तो सांगतो, नुसती ताकद दुप्पट करूनही आवाज तीनच डेसिबल वाढतो, उगाच डिझेल कशाला जाळता? अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड बँडनं 1974 मध्ये अशीच अवाढव्य भिंत उभी केली होती, ती वाहून न्यायचा खर्च परवडेना म्हणून त्याच वर्षी गुंडाळली. डीजेवाले शांतपणे ऐकतात आणि विचारतात, "त्याईचं रेट काय होतं?" त्यांच्या वरातीत घरांची तावदानं वाजतात, आजारी म्हातारे उठून बसतात, आणि आगाऊ रक्कम रोख मिळते.

हेच डेसिबलचं मोठं दुःख आहे. कॉलेजात त्याला शिकवलं होतं, की बिल दिल्यापासून तीस दिवसांत पैसे. इथं वडिलांच्या वहीत एकच मुदत लिहिलेली असते: 'सोयाबीन निघाल्यावर'. सोयाबीन निघालं की 'भाव आल्यावर' असं त्याखाली लिहिलं जातं. भाव काही येत नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरी कार्य निघालं तर या पोराला जरूर सांगा. लेकीच्या लग्नात भटजी काय म्हणाले हे तुम्हाला पहिल्यांदा कळेल. माईकवर टिचक्या मारू नका, 'थोडा वाढव' म्हणू नका, त्याच्या कामगारांना पहिल्या पंगतीत बसवा. आणि पैसे त्याच रात्री, मंडप सुटायच्या आत द्या.